काट्यावरचे कुलकुल

माझ्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. खोटं नाही ते. कुणाच्या मुलाचं कुठे जुळलं, कुणाची सून रुसून माहेरी जाऊन बसली — माझ्या कानावर सकाळी आलं की संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये पोचलं म्हणून समजा. पण एक गोष्ट राहिली आहे पोटात. नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला सांगितली नाही. देवापुढे बसले तरी तिच्या आजूबाजूनेच फिरले. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून. ओळखत असतात तर हे ऐकल्यावर माझ्या घरचं काही तोंडात घातलं नसतंत. गोष्ट खाण्याचीच आहे.

मी करी रोडला टॉवरमध्ये राहते. जन्म लालबागच्या चाळीतला, वडील गिरणीत, आई दिवसभर नळ आणि स्टोव्ह यांच्यामध्ये. नोकरी बँकेत झाली, मुलाचं बरं चाललं, आणि म्हातारपणी एकदम आकाशात राहायला आलो. वर आल्यावर माणसाला एक भीती लागते — तुम्हाला लागली आहे का कधी? — की आपण खालचे आहोत हे कुणाला कळेल. माझ्या बाबतीत ते सगळ्यांना माहीतच होतं, तरी मी लपवत होते. माझ्या वागण्याचं कारण म्हणून नाही सांगत हे. फक्त मी कशी बाई आहे ते तुम्हाला कळावं.

आमच्या टॉवरमध्ये माहजाँगचं खूळ आलं. चिनी खेळ. चौघीजणी चौकोनी टेबलाभोवती बसतात, पत्त्यांच्या जागी जाड गुळगुळीत टाइल असतात, आणि साधारण रमीसारखे संच लावायचे. दर बुधवारी, एकेकीच्या घरी. म्हणायचं ‘माहजाँग नाइट’, पण नवऱ्यांच्या जेवणाच्या वेळेला सगळ्या आपापल्या स्वयंपाकघरात परत. चौघी म्हणजे हेतल, वंदना, एक डेंटिस्टबाई आणि मी. हेतल जैन, मोठ्या मनाची, हरली तरी हसणारी. वंदना सोसायटीच्या सांस्कृतिक कमिटीवर. डेंटिस्टबाई कमी बोलायच्या, पण गोड खाताना सगळ्यांचे दात बघायच्या.

खेळ दिसायला खेळ. खरी चुरस खाण्याची. जिच्या घरी डाव, तिने घरी केलेलं ठेवायचं, विकतचं चालणार नाही. आणि त्यातही एक अट — हाताला तेल लागता कामा नये, कारण तो हात लगेच टाइलला लागतो. वंदना कागदाच्या चिमुकल्या वाट्यांतून नारळाच्या वड्या ठेवायची. डेंटिस्टबाईंचे मखाणे भाजलेले, वर कसली कसली पूड. आणि माझी पहिली पाळी आली तेव्हा मी काय केलं असेल? कोथिंबीर वडी. गरमगरम, खमंग, तेलात खरपूस तळलेली. सगळ्यांनी ताव मारला, तारीफही केली. पण अर्ध्या डावात टाइल अशा निसटायला लागल्या की काही विचारू नका. हेतलने पर्समधून ओला टिश्यू काढला आणि एकेक टाइल पुसून ठेवायला लागली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी त्या रात्री उरलेल्या वड्या नवऱ्याच्या ताटात आदळल्या.

दुसरी पाळी आली तेव्हा मला फिलू आठवली.

फिलू म्हणजे फिलोमिना. शाळेत पहिलीपासून माझ्या बाकावर. परळला चर्चमागच्या बैठ्या घरांत राहते, तिचे लोक मुंबई मुंबई होण्याच्या आधीपासूनचे. लहानपणी नाताळ जवळ आला की मी तिच्याच घरी पडलेली असायचे. तिची आई आम्हा पोरींना एकेक काटा हातात द्यायची, जेवायचा काटा, आणि मैद्याची बोराएवढी गोळी त्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायला लावायची. शंखासारखी गुंडाळी होते, अंगावर रेघा उमटतात. तळून पाकात घोळवली की झाले कुलकुल. बदल्यात फिलू आमच्याकडे बांगड्याचं तिखलं ओरपायची. माझी आई म्हणायची, ही पोर आपलीच आहे, फक्त रविवारी तेवढी चर्चला जाते.

नवरा गेल्यापासून फिलू हे विकून घर चालवते. कुलकुल, नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या, आणि पेरूचं चीज, म्हणजे पेरूच्या घट्ट वड्या. आणि तिची एक पद्धत आहे — ती नीट ऐका, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपणार आहे. तिच्या आईच्या कुलकुलांत अंड्याचा बलक असायचा. पण परळ-दादरची काही गुजराती घरं तिच्याकडून घ्यायला लागली तेव्हा फिलूने बिनअंड्याचे सुरू केले. पीठ वेगळं, कढई वेगळी, तेल वेगळं. आणि डोळ्यांना कळावं म्हणून ते काट्यावर न वळता कोऱ्या फणीवर वळायचे. फणीच्या रेघा बारीक, दाट. काट्याच्या रुंद. मला पहिल्यांदा दोन्ही दाखवताना तिने हातावर चापट मारून सांगितलं होतं, “ध्यानात ठेव गो मालू. फणीवरचे त्यांचे, काट्यावरचे आपले.”

आपले, म्हणाली ती. तिचे आणि माझे.

तर मी फणीवरचे आणले आणि काचेच्या बाऊलमध्ये ठेवले, बाजूला लाकडी टूथपिक. हाताला काही लागत नाही, एका घासात एक, कुरकुरीत, वरून साखरेचा पांढरा हात फिरवलेला. हेतलने डोळेच मिटले. “मालती, तू तर कमाल आहे हां! हे कसं बनवलं?”

कसं बनवलं, हे मला माहीत होतं ना. म्हणून मी सांगितलं. मैदा चाळून घ्यायचा, नारळाचं दूध कोमट, गोळी फार मोठी नको. सगळं खरं. फक्त ते मी केलं नव्हतं, एवढंच सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — ठेवलं.

मग तेच चालू झालं. माझी पाळी आली की आदल्या दिवशी परळ. कधी नेवऱ्या, कधी पेरूचं चीज, नाताळ नसला तरी कुलकुल. डबा माझा स्टीलचा, त्यातून माझ्या बाऊलमध्ये. फिलू विचारायची, “काय म्हणाल्या तुझ्या बाया?” मी म्हणायचे, तुझी वाहवा केली गं. ती खूश व्हायची, वर दोन जास्त घालायची. इकडे हेतल म्हणायची, मालतीच्या हाताला चव आहे, आणि मी खूश व्हायचे. दोन्हीकडे खोटं, आणि दोन्हीकडून लाड. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मी पुस्तकात वाचला नाही, आरशात बघितला.

इथपर्यंतचं तुम्ही कदाचित हसून सोडाल. बायका असं करतात, म्हणाल. मीही स्वतःला तसंच सांगत होते.

गेल्या डिसेंबरातला बुधवार. पाळी माझी. मी ग्रुपवर आधीच टाकून बसले होते — आज माझे नाताळचे कुलकुल! आदल्या दिवशी जायला जमलं नव्हतं; सकाळी फिलूकडे गेले तर तिचा गळ्यापर्यंत पसारा, ऑर्डरींचा डोंगर. म्हणाली, फणीवरचं पीठ आत्ता मळते आहे, आज काही मिळायचे नाहीत, उद्या ये. आणि जाताना माझ्या हातात डबा कोंबला. “हे तुझ्या घरच्यांना. आईच्या पद्धतीचे.” मी झाकण उघडून बघितलं. रुंद रेघा.

माझ्याकडे पर्याय नव्हता का? घरात वेफर होते. खाली लालबागला अख्खी चिवड्याची गल्ली आहे, उतरून पाव किलो आणला असता तर कुणी फासावर दिलं नसतं. सांगता आलं असतं की बाई, आज जमलं नाही. पण मी — ग्रुपवर टाकून बसले होते. तिघींनी हृदयं पाठवली होती, लाल लाल. मी बाऊल भरला. रुंद रेघांचे, साखरेचे. भरताना मनात काय आलं तेही सांगते, लपवून काय करू आता? मनात आलं, किलोभर मैद्यात एखाद-दुसरा बलक, कोणाला कळणार आहे.

मला माहीत होतं. हे मी अगदी स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी जे बोलले त्यात हे नव्हतं. डबा चुकला नाही, रेघा दिसल्या नाहीत असं नाही, गडबड झाली नाही. मी बघितलं, ओळखलं, आणि ठेवलं.

हेतलने टूथपिक उचलली आणि सहज विचारलं, “अंडं वगैरे नाही ना?” ती नेहमीच विचारते, कुणाकडेही. मी म्हटलं, “छे गं!” लगेच म्हटलं, एवढंही अडखळले नाही. तिने खाल्ले, परत घेतले, म्हणाली आज तर नेहमीपेक्षा भारी झालेत. निघताना थोडे पेपर नॅपकिनमध्ये बांधून घेतले, सासूबाईंसाठी. त्यांना दात नाहीत, दुधात भिजवून देईन म्हणाली. मी स्वतः नॅपकिन धरला तिच्यासाठी.

त्याच रविवारी आमच्या सोसायटीच्या लॉबीत नाताळचा छोटा बाजार होता. वंदनाच्या कमिटीने भरवला होता, आणि त्यात कुणाच्या तरी ओळखीने फिलूला एक टेबल मिळालं होतं. मला तिने आदल्या रात्री फोन करून सांगितलं. “तुझ्या बिल्डिंगीत येते गो मी!” आवाजात नुसता आनंद. माझी पाचावर धारण बसली. तरी तिला काही सांगायचं सुचलं नाही, की माझ्या मैत्रिणींना असं असं वाटतं, तू जरा सांभाळून घे. सांगितलं असतं तर तिने हसून सांभाळलंही असतं.

टेबलावर फुलाफुलांचा टेबलक्लॉथ, दोन बरण्या, वर चिठ्ठ्या — अंड्याचे, बिनअंड्याचे. मी जाईपर्यंत गर्दी जमलेली. दोन-तीन गुजराती बायका बिनअंड्याच्या डब्यांसाठी नावं सांगत होत्या. फिलू मान वर करून बोलत होती, ती अशीच बोलते, दुकान तिचं असल्यासारखी. आणि हेतल आली, वाकून बघितलं, आणि रुंद रेघांच्या बरणीवर बोट ठेवून म्हणाली, “अरे! हे तर सेम मालतीसारखे!”

फिलू अभिमानाने हसली. “मालूकडे माझेच तर जातात! पण हे नका घेऊ हां तुम्ही, ह्यात अंडं आहे. तुमचे ते बाजूचे, बारीक रेघांचे.”

“पण बुधवारी आम्ही तर हेच खाल्ले,” हेतल म्हणाली. तिचं बोट अजून काचेवरच होतं. “रुंदवाले.”

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

तुम्हाला वाटतं का, अशा वेळी माणूस विचार करतो? नाही करत. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, “हो, मी हिच्याकडूनच घेतले होते. पण बिनअंड्याचे सांगून घेतले होते मी. हिने डब्यात काय घातलं, मला काय माहीत?”

फिलू आधी गोंधळली. तिला वाटलं मी विसरले. “असं काय करते मालू? फणीचं सांग ना त्यांना. तुला माहीत आहे.”

आणि मी म्हटलं, “कसली फणी?”

एवढंच. दोन शब्द. फिलूच्या चेहऱ्यावरचं सगळं थांबलं. ती ओरडेल असं वाटलं मला. शाळेत ती पोरांनाही धोपटायची. पण ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, आपण हिला कुठे बघितलं आहे हे आठवत असल्यासारखी. तेवढ्यावरही मी थांबले नाही. हेतलला बाजूला घेऊन, आवाज खाली करून — पण फिलूला ऐकू जाईल इतकाच खाली — म्हटलं, “जाऊ दे गं. त्यांच्यात चालतं ना सगळं. त्यांना त्याचं काही वाटत नाही.”

हेच ते. इथवर यायला मला एवढी पानं लागली.

त्यांच्यात. जिच्या घरी काटा धरायला शिकले, तिला मी ‘त्यांच्यात’ टाकलं. आणि बोलणारी कोण? मी! जिच्या फ्रीजमध्ये त्याच दिवशी सुरमई मसाला लावून ठेवलेली होती. मला पक्कं ठाऊक होतं की हे वाक्य चालेल. त्या लॉबीत कुणी पुरावा मागणार नाही, कुणी म्हणणार नाही की थांबा, बाईंचं ऐकून तरी घेऊ. ते वाक्य आयतंच पडलेलं असतं आपल्या सगळ्यांच्या घरात. मी ते उचललं आणि माझ्या मैत्रिणीच्या तोंडावर मारलं.

चाललं ते. नावं सांगणाऱ्या बायकांनी नावं काढून घेतली. वंदना फिलूला म्हणाली, बाई, लोकांच्या धर्माचा प्रश्न असतो, जरा जबाबदारीने करत जा. फिलू म्हणाली, “माझ्याकडून चूक झालेली नाही.” दोनदा म्हणाली. मग तिने बरण्यांची झाकणं लावली, टेबलक्लॉथची घडी केली आणि बाजार अर्धा व्हायच्या आत निघून गेली. माझं नाव तिने घेतलं नाही. का नाही घेतलं, हे मी आजवर तिला विचारू शकलेले नाही.

मी दुसऱ्याचे पदार्थ स्वतःचे म्हणून खपवत होते, हे सगळ्यांच्या लक्षात आलं का? आलं असेल. पण कुणी त्याचा उच्चारही केला नाही. उलट माझी समजूत घातली, बिचारी मालती, विश्वासाने घेतलं आणि फसली. तारीफ होती तोवर हात माझे होते आणि बोभाटा झाला तेव्हा हात फिलूचे झाले.

हेतलने त्यानंतर आयंबील केलं. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल, तूप, दूध, मसाला काही नाही, नुसतं फिकं उकडलेलं. प्रायश्चित्त म्हणून. तिच्या सासूबाईंनीही केलं, त्या वयात. पुढच्या बुधवारी हेतल खेळायला आली तेव्हा चेहरा उतरलेला होता, आणि मी तिला विचारलं, बरं वाटत नाही का गं? विचारलं मी तिला! ती म्हणाली, तुझा काय दोष त्यात.

आणि फिलूचं? टॉवरमधली दारं बंद झालीच. पण बायकांचं बोलणं टॉवरमध्ये राहतं थोडंच. परळ-दादरची ती जुनी गुजराती घरं, जी डोळे मिटून तिच्याकडून घ्यायची, ती एकेक करून सुटली. वेगळी कढई, वेगळं तेल, ज्याचा तिला सगळ्यात जास्त अभिमान होता, तेच तिला मिटवावं लागलं. आता ती फणीवरचे करतच नाही म्हणे. हे मला मासळी बाजारात तिच्या शेजारणीकडून कळलं. मी पापलेट निवडत होते. म्हटलं, हो का, अरेरे. आणि भाव विचारला.

फिलूला भेटले का मी? नाही. दोनदा परळला गेले, चर्चच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही वेळा परत फिरले. एकदा ती समोरून येताना दिसली तर मी औषधांच्या दुकानात शिरले आणि काहीच नको असताना क्रोसिन घेऊन बाहेर आले.

यंदा पर्युषण संपलं आणि पुढच्या बुधवारी डाव माझ्याकडे होता. खाली गणपतीची गर्दी, रस्ते बंद, तरी सगळ्या आल्या, कारण यायला फक्त लिफ्ट लागते. हेतल दारातच थांबली. तिने माझ्यासमोर हात जोडले आणि म्हणाली, “मिच्छामि दुक्कडम्.” वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा कर, असं त्यांच्यात म्हणतात सगळ्यांना. मीही हात जोडले. मीही तेच शब्द म्हटले, तिच्या डोळ्यांत बघून. क्षमा मागायचे शब्द आयते माझ्या तोंडात होते, समोर तीच होती जिची मागायची होती, आणि मी ते नमस्कार-चमत्कारासारखे वापरून मोकळी झाले.

मग टेबलाशी बसता बसता ती सहज म्हणाली, “तुझ्या त्या फ्रेंडला पण मी फोन केला. फिलोमिनाबेनला. वंदनाकडून नंबर घेतला.”

माझ्या हातातल्या टाइल तिथेच राहिल्या.

“कशाला?” मी विचारलं.

“मनात राग धरला ना मी तिच्याविषयी. तर माफी मागायला नको? तिला आधी कळलंच नाही मी कोण. मग छान बोलली. म्हणाली, मलाही माफ करा, त्या दिवशी मी रागात निघून गेले.” हेतल थांबली, हसली. “पण एक मात्र म्हणाली हां. म्हणाली, डबा माझा चुकला नव्हता. अजून पण तेच! मी म्हटलं, जाऊ दे. माफ केलं तर केलं.”

वंदना डावासाठी टाइलची भिंत रचत होती. डेंटिस्टबाई माझ्याकडे बघत होत्या, किंवा मला तसं वाटलं. जिने काहीच केलं नव्हतं तिने माफी मागितली होती, जिला फसवलं होतं तिनेही मागितली होती. उरले होते मी. आणि हेतल वाट बघत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून.

मी म्हटलं, “लहानपणापासून हट्टीच आहे ती.”

हेतलने मान हलवली. तिने फासे उचलले आणि विचारलं, आज पहिली पाळी कुणाची.